सामाईक

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत आम्ही तिघं.
खाली लाद्या फुटतात, वर टेबल थरथरतं,
चहाचा कप आपोआप कडेला सरकतो.

तीन कामं होती, तीन रेपो:
हर्णै बंदरावरच्या लिलावाच्या पावत्या,
केळशीच्या आंब्यांच्या पेट्या,
दाभोळच्या फेरीबोटीची तिकिटं.
तिन्हींच्या पोटात एकेक फोल्डर, नाव सामाईक.
पैशांचं पूर्णांकन, पावतीची छपाई, भरती-ओहोटीचं गणित.
पहिल्यातून उचलून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
घाईत, विरजण मागून न्यावं तसं.
मग ज्याचं दही त्याच्या चवीचं.

भाद्रपदात निलोफरला चूक सापडली.
भरतीने मध्यरात्र ओलांडली
की गणितातून पन्नास मिनिटं गळत होती.
तिने ती लिलावात दुरुस्त केली,
कमिटवर ‘भरती नीट’ एवढंच लिहिलं
आणि शेवटची एसटी गाठली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दाभोळहून फोन.
फलकावर ओहोटी लागलेली,
धक्क्यावर पाणी अजून चढतंय,
आणि आमच्याच कारखान्याच्या टेम्पोची
मागची चाकं खाऱ्या पाण्यात, बर्फासकट.
तिकीट खिडकीतला दामा पालशेतकर ओरडला नाही.
“हर्नैची भरती खरी नि आमची खोटी?
दर्या तर येकच हाय ना?”

विघ्नेश म्हणाला, सगळं एकाच रेपोत घाला.
एक घर, एक चूल. बदललं की तिघांचं एकदम.
निलोफर म्हणाली, एकदम म्हणजे
एप्रिलात पेट्यांचे ट्रक उभे असताना
तू लिलावासाठी पावती बदलणार
आणि रात्री दोनला केळशीला मी जाणार?

दोन दिवस हेच.
मला आपली आमच्या वाडीतली पाखाडी आठवत होती.
जांभ्याच्या एकशे बारा पायऱ्या, सात घरांच्या,
सातबाऱ्यावर कुणाच्याच नाहीत.
जो तो आपल्या दारापुरती झाडतो.
चौसष्टावी गेली नऊ वर्षं हलते.
सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे ती ओलांडतात.
पाहुणे पडतात.

शेवटी सामाईकला स्वतःचा रेपो दिला.
प्रत्येक दुरुस्तीला आकडा;
ज्याने त्याने आपल्या सवडीने तो उचलायचा,
पण कोण कुठल्या आकड्यावर अडलंय
ते भिंतीवर, खडूने, दारातून दिसेल असं.
पेट्या अजून जुन्याच आकड्यावर आहेत,
जूनपर्यंत राहतील.
आंब्यांना भरतीशी काय घेणं?

जुने फोल्डर काढण्याआधी
निलोफरने तिन्ही शेजारी शेजारी उघडले.
एकाच ओळीची तीन रूपं.
तिकिटांच्या फोल्डरात, त्या ओळीच्या वर,
माझी टीप, दोन वर्षांपूर्वीची:
‘हे बाकीच्या दोघांतही बदलायला हवं. उद्या.’

तिने माझ्याकडे पाहिलं.
काढून टाक, म्हणालो.
इतिहासात राहीलच ते.