दोन मीटर नाही

पाटणसावंगीच्या पुढे, कोलार नदीच्या अंगाला
कधीतरी घेतलेलं भोक. त्यातून निघालेला दगड
आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लांबट खोक्यांत,
पाच-पाच ओळी, डावीकडून उजवीकडे, वहीसारखा.
माझं काम धूळ पुसायचं, आकडे जुळवायचं,
मे महिन्यात पत्रा तापला की ओलं फडकं डोक्यावर घेऊन
खोके मोजायचं.

वाचायला यादोराव खंडातेंनी शिकवलं.
"साहेब लोक वरून वाचतात," ते म्हणायचे.
"गोटा खालून वर आला न वं,
मंग वरून काहून वाचाचा?"

म्हणून खालून.
हिरवट चिखल, आणि त्यात मधेच एक गुळगुळीत धोंडा,
ज्याचं इथे काही काम नव्हतं. बर्फानं आणून टाकलेला.
नागपुरात बर्फ! यादोराव दर वेळी तितकेच हसायचे.
मग कोळसा, बोटाला लागणारा, त्याच्या कडेला
जिभेसारखं एक पान, शिरा मोजता येतील असं.
मग वाळू. वाळू. वाळू.
तिरप्या रेघा एकीवर एक,
नदी कूस बदलत गेली तशा.

कुठला तरी डोंगर होता, त्याचं नाव आपल्याकडे नाही.
उन्हानं त्याचे पोपडे निघाले, पाण्यानं खांद्यावर घेतले,
जड होतं ते आधी टाकलं, मग रेती,
आणि अगदी थकल्यावर, सपाटीवर, माती.
डोंगर उतरला
आणि इथे येऊन आडवा झाला.

मधल्या एका ओळीत लाकडाचा ठोकळा.
त्यावर रंगानं: एकशे बारा ते एकशे चौदा. नाही.
थर ठिसूळ होता, यंत्राखाली पीठ झाला, पाण्याबरोबर गेला.
"हरवलं त लपवाचं नाही. जागा सोडाची.
ठोकळा ठेवाचा."

आणि त्याच्या बरंच वर, वाळू संपते तिथे
एक रेघ, पेन्सिलीनं ओढावी एवढी.
खाली तांबूस रेती, वर पांढुरका चुनखडी थर,
त्याच्या डोक्यावर लाव्ह्याचा काळा दगड.
त्या रेघेत अठरा कोटी वर्षं आहेत,
म्हणजे नाहीत.
साचलेलं कुणी खरवडून नेलं की मुळात साचलंच नाही,
विचारायचं कुणाला?
इथे कुणी ठोकळा ठेवला नाही.
पंगतीतला मधला माणूस उठून गेल्यावर
दोघांनी सरकून घ्यावं,
तसे दोन्ही दगड खेटून बसलेत.

नाग नदी रात्री घरात आली, त्या वर्षीची गोष्ट.
पहाटे पाणी उतरलं. स्वयंपाकघरात चार बोटं गाळ.
सगळे खराटे घेऊन, मी उलथणं घेऊन.
ओट्याखालचा तुकडा कापला, ताटलीत उभा धरला.
तळाशी विटेचा चुरा, बाटलीचं झाकण,
शेजारच्या ढोबळेकाकूंची तूरडाळ.
मग रेती. सगळ्यात वर लोण्यासारखी माती,
तिच्यावर पालीची पावलं, आत्ताचीच.
एका रात्रीत एवढं.
नणंद म्हणाली, "वहिनी, येड लागलं काय? धू न ते!"

धुतलं.

खालच्या फळीवर यादोरावांची डायरी होती.
निवृत्त होताना त्यांनी दिलेली, अडतीस वर्षांची भोकं,
खोलीसकट, उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात.
तोवर ते स्वतःही राहिले नव्हते.
डायरी गेली, कन्हानमधून वैनगंगेत.
शाई सुटली असेल. कागद एखाद्या वळणावर बसला असेल,
त्यावर रेती बसली असेल.

मी शेडमधून एक कोरा ठोकळा आणला, फळीवर ठेवला.
त्यावर काय लिहावं सुचेना. राहू दिलं.
महिनाभरानं टेबल डुगडुगायला लागलं,
पोरानं तोच उचलून पायाखाली सरकवला.

टेबल आता हलत नाही.
फळीवर हळद-तिखटाचे डबे
सरकून बसलेत.