अकरावा डोस

चौथी 'ब'च्या फळ्यावर अजून
मागच्या मार्चची तारीख आहे, कोणी पुसली नाही.
टेबलावर माझी निळी पेटी,
पेटीत चार आइसपॅक आणि नऊ कुप्या.
काल वीस कबूल केल्या होत्या.

बाहेर सातपूर कॉलनीच्या रस्त्यावर
पहाटे तीनपासून वस्तूंची रांग:
एक चप्पल, अर्धी वीट, पाण्याची बाटली,
कुणाचं हेल्मेट, त्यावर खडूनं आडनाव.

व्हॅनवाला रफीक कोकणी सही घेताना म्हणतो,
"ताई, वरूनच कमी आल्या."
वर म्हणजे जिल्हा.
जिल्ह्याच्या वर पुणे, पुण्याच्या वर दिल्ली,
आणि दिल्लीच्याही वर कुठंतरी
एक कारखाना अडलाय
परदेशातल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी,
पिशवीवाला देश म्हणतो, आधी आमचे.
दुसरा म्हणतो, पैसे भरलेत, पावती बघा.
तिसऱ्याचा वकील ओळीवर बोट ठेवतो:
करारात "प्रयत्न करू" असं लिहिलंय,
"देऊ" असं कुठंय?

आमच्या मोहाडीला लग्नात म्हणायचे,
वाढपी ओळखीचा असला
की शेवटच्या पंगतीला बसावं.
इथं पहिल्या पंगतीनं
माणशी पाच-पाच पानं मांडून ठेवलीत,
रिकाम्या पानांवर रुमाल टाकलेत.
आणि वाढपी आमच्याच गल्लीतला,
म्हणून आम्हीही आता
आतून कडी लावलीय.

माझा भाऊ पिंपळगावला, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये.
हंगामाचा शेवटचा कंटेनर रॉटरडॅमला गेला.
प्रत्येक खोक्याला नंबर,
कुठला प्लॉट, कुठली फवारणी, सगळं सापडतं.
भर समुद्रात अर्धा अंश चढला
तरी ह्याच्या फोनवर घंटी वाजते.
मी विचारलं, तिकडून परत येताना
ह्या थंडगार डब्यांत काय असतं रे?
म्हणाला, बऱ्याचदा काहीच नाही.

कुपीवर दहा डोस छापलेत.
पण हात हलका असला,
कुपी जरा तिरकी धरली,
तर तळाशी अकरावा निघतो.
पूर्ण अर्धा मिली.
त्याच्यासाठी रजिस्टरात रकाना नाही.
आज नऊ कुप्यांतून असे सात काढले.

सातवा निघाला तेव्हा
कॉम्प्युटरवरची पोरं उठून गेली होती,
कुपी उघडल्याला चार तास व्हायला दहा मिनिटं.
गेटशी एकच माणूस,
तुळशीराम गावित, पेठचा, ट्रेलर चालवतो.
"उद्या न्हावाशेवा. टोचल्याशिवाय
आत घेत नाहीत म्हणे."
नोंदणी?
त्यानं बटणांचा फोन दाखवला.
मी म्हटलं, बाही वर करा.

रात्री तामांडाचा मेसेज.
गंगापूर रोडच्या खोलीत तीन वर्षं माझी पार्टनर,
मिसळीत दही घालून खायची,
आता ब्लँटायरला, वॉर्डात.
"पहिला डोस तुमच्याकडचा होता.
खोक्यावर भारत लिहिलेलं,
मी सगळ्यांना दाखवलं.
दुसऱ्याची तारीख उलटून तीन आठवडे झाले.
तिकडे काय चाललंय गं?"

मी तुटवडा सांगितला, रांग सांगितली, वीट सांगितली.
कडीचं काही सांगितलं नाही.
मग, काहीतरी चांगलं सांगावं म्हणून,
अकराव्याचं सांगितलं. सात, म्हटलं, एका दिवसात!

ती लिहीत होती, थांबली, पुन्हा लिहीत होती.
शेवटी एवढंच आलं:
"कसा काढतेस ते सविस्तर पाठव.
कुप्या आल्या की उपयोगी पडेल."

मी उठून बसले, दिवा लावला.
कुपी तिरकी धर.
सुई बुचाच्या अगदी कडेला ठेव.
हवा आत जाऊ देऊ नकोस.
घाई करू नकोस,
असं लिहिलं,
आणि तेवढी ओळ खोडली.