देठ हिरवाच

पहिला घड क्रेसेन्झिया कापत नाही, चाखते.
दोन बोटांत मणी, दाताखाली साल,
मग रांगेबाहेर थुंकते,
सरोवराकडच्या वाऱ्याला पाठ देऊन.
"आंबट," म्हणते. "आणि आंबटही धड नाही."

मी वहीत लिहिते: रांग सात, वेल एकोणीस.

ऑगस्टात मण्यांत पाणी उतरलं, रंग चढला,
सगळ्या घडांनी एका सुरात पाढा धरला.
अकरा, बारा, तेरा, चौदा.
काही तिथेच थांबले. चौदा. आठवड्याने चौदा.
शेजारचे म्हणत राहिले, एकोणीस, वीस,
त्याच काडीवर,
त्याच पानांच्या सावलीत.
थांबलेल्यांची कातडी आधी निस्तेज झाली,
मग सैल,
मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी.

कीड नाही. बुरशी नाही.
संस्थेत मी साल सोलून पाहिली, बी चिरून पाहिली,
विषाणूची चाचणी दोनदा लावली.
देठ काळा पडला असता
तर ते दुखणं वेगळं, त्याला थोडंफार औषध आहे.
हा देठ हिरवाच. मोडला की ओला.
रस्ता मोकळा आहे आणि त्यावरून कुणी येत नाही.

खांबाला बांधलेली माझी पांढरी डबी सांगते:
सव्वीस जुलै, दुपारी तीन, छत्तीस अंश.
त्याच रात्री दोन वाजता, अकरा.
मध्ये बावन्न मिलिमीटर पाऊस, आडवा.
माती खडीची, पोटॅश बेताचं.
घड यंदा जरा जास्तच धरलेले.
आणि पश्चिमेची पानं जूनमध्ये काढलेली,
ती रुपर्टने, क्रेसेन्झियाच्या भाच्याने,
हवा खेळावी म्हणून.

"फवारता येईल असं काहीतरी सांगा," रुपर्ट म्हणतो.
मग, बुटाने खडी उकरत:
"पानांमुळे का?"
मी म्हणाले, पानांमुळेच असं नाही.
त्याला 'पानांमुळेच' ऐकू आलं.
उरलेलं वाक्य
ट्रॅक्टरच्या आवाजात गेलं.

दुपारी भोरड्यांचा थवा आला,
काळा, वळणारा, एकाच मनाचा.
पलीकडच्या मळ्यात गॅसची तोफ धडाडली तरी
ते उतरलेच.
नंतर मी रांग तपासली.
गोड घड टोचलेले, रस गळणारा,
आणि त्यांच्यात हे आमचे, शाबूत,
एकही चोच न लागलेले.
मी दोन वर्षं ज्या यंत्राने मोजते
त्याची किंमत आठवून मला हसू आलं.

सीमेपलीकडून, हंगेरीतून, आलेल्या दोघी बहिणी,
बोग्लार्का आणि तिची धाकटी,
सुरकुतलेले घड तोडणीआधीच कापून टाकतात.
त्स्वायगेल्टच्या खाली जांभळट पसारा पडतो.
धाकटी विचारते, कोंबड्यांना नेऊ?
"ने," क्रेसेन्झिया म्हणते, "पण मागच्या वर्षी
त्यांनीही तोंड फिरवलं."

एक घड मात्र तिने कापू दिला नाही.
त्याचं अंग गोड, फक्त डावा खांदा थांबलेला.
खिशातून नखं कापायची कात्री काढली,
खांदा तेवढा उतरवला, बाकीचा तसाच लटकत ठेवला,
आणि कात्री पुसता पुसता म्हणाली,

"त्या रात्री मी दुलई काढली.
जुलैत दुलई! आधी घामाने चादर भिजलेली,
आणि मग दात वाजायला लागले.
अंधारात कपाट चाचपलं,
डांबरगोळ्यांचा वास आला, बरं वाटलं.
यांना कुठलं कपाट?"

संध्याकाळी तक्ता भरला.
शेवटच्या रकान्यावर लिहिलंय: कारण.
एका शब्दापुरतीच जागा.
हवामान लिहिलं, खोडलं.
पोटॅश लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह, तेही खोडलं.
पान फाटायला आलं तेव्हा
पेन्सिलीने, बारीक अक्षरात,
दुलई
असं लिहून वही मिटली.
सोमवारी वरिष्ठ विचारतील.