हरकती व सूचना

बिदियाला, हमूद अल-हजरीच्या मजलिसीत
आम्ही सहाजण, खजुरांचं ताट आणि कायद्याचा मसुदा.
अरबी सतरा पानं. हमूद वाचतो, थांबतो,
माझ्यासाठी मोडक्या हिंदीत सांगतो.
कलम नऊ: रानातला सरपटणारा जीव
पकडणं, पाळणं, देणं-घेणं बंद.
ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंद करावी,
कुठून आणला, कधी, कसा.
हरकतींना तीस दिवस.

हमूद चिडलाय. शुक्रवारी शंभर गाड्या
टेकड्या नांगरून काढतात, त्यांना कलम नाही.
माझा आजा सांडा भाजून खायचा, म्हणतो,
त्यालाही कबरीतून उठवणार का?
रोडेल गप्प. त्याच्या पाली घरातच अंड्यांतून निघालेल्या,
त्याला कायदा हवाय,
पण कहवा हमूदचा आहे.

मी पंप दुरुस्त करतो. अठरा वर्षं.
रात्री टॉर्च घेऊन वाळू वाचतो.
हा विंचू, हा उंदीर,
ही सापसुरळी पोहत गेलेली,
आणि ही सावकाश, नागमोडी, मध्येच पुसलेली रेघ.
तिथे बोट घालायचं. हळू.
दस्सास म्हणतात इथे, दडून बसणारा.
आपलं मांडूळच, फक्त डोळे पार माथ्यावर,
अंगभर वाळू पांघरून
आभाळाकडे बघत राहिलेलं.
गावी मांडूळ वजनावर जातं.
माझा मावसभाऊ त्यापायी सात दिवस कोठडीत बसून आला,
आई फोनवर विचारते, तू तसलं काही करत नाहीस ना?

याच्या लॅटिन नावात जयकर आहेत.
मस्कतला डॉक्टर होते, शंभरावर वर्षं झाली,
असले जीव गोळा करून विलायतेला पाठवायचे.
हे सांगितलं तेव्हा हमूद म्हणाला, म्हणजे तुझा चुलता!
त्या दिवसापासून खोलीतल्या काचपेटीला
वारसाहक्क आल्यासारखा वाटायचा मला.

हरकत मीच लिहायची ठरलं. वही माझ्याकडे.
'आम्ही मोजतो, आम्ही नोंद ठेवतो,
आम्हीच नसलो तर कोणाला कळणार'
इथवर आलो, आणि पुराव्यासाठी वही उघडली.

पहिलं वर्ष, मार्च, मोठ्या टेकडीमागे
एका रात्रीत अकरा रेघा.
मग सात.
पाऊस झाला त्या साली आठ, खाली दोनदा अधोरेखित.
मग तीन. समोर: टायरचे माग फार.
यंदा चार रात्री चाललो. एक.
त्यापुढे माझंच अक्षर, नीट, गोल:
सापडला. आणला.

पाच पानांची झेरॉक्स काढली.
हमूद मराठी आकडे ओळखतो, माझ्याकडूनच शिकला,
बोट ठेवत खाली आला, शेवटच्या ओळीवर थांबला.
हे जोडायचं?
जोड, म्हटलं.
त्यानं उजवीकडून सही केली, मी डावीकडून,
मधे जागा उरली ती रोडेलला दिली.

रात्री नोंदणीचा अर्ज भरला.
कुठून: लिहिलं. कधी: लिहिलं.
कसा, तिथे बराच वेळ गेला.
परत सोडायलाही परवानगी लागणार आहे,
कलम अकरा.

पेटीत चार बोटं वाळू, तिच्यावर दोन ठिपके.
वर ट्यूबलाइट.
तिच्याकडे तो
तसाच बघतोय.