दोन बोटं माया

जुलैतलं सोहार, दुपारचे तीन.
मृण्मयी लोकरीचा कोट घालून आरशासमोर उभी.
एसी अठरावर, तरी तिच्या कपाळावर घाम,
आणि माझ्या तोंडात टाचण्या,
म्हणून मी गप्प.

कोट हर्डीकर वहिनींचा, त्या कधीतरी कॅनडाला जाऊन आल्या तेव्हाचा.
डाव्या खिशात अजून त्यांचा हातमोजा आहे. एकच.
हात वर कर, खुणेनं सांगते. आता खाली.
आता वाक, बर्फातून काही उचलतेस तशी.
ती फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात वाकल्यासारखी वाकते.
दुसरा बर्फ आम्हाला माहीत नाही.

पिर्को नावाची एक बाई दहा महिने तिची आई होणार आहे.
परवा व्हिडिओवर विचारत होती,
मृण्मयी म्हणताना जीभ नेमकी ठेवायची कुठे?
अर्धा तास झटली बिचारी, मग 'म्रूना'वर तडजोड झाली.
मला राग आला नाही. येईल असं वाटलं होतं.

मग म्हणाली, तुमच्या घराविषयी सांग काही.
मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते:
इचलकरंजी सांगेल, आजोळचे माग, गणपतीतली आरास.
तिनं नळ सांगितला.
उन्हाळ्यात आमच्या थंड नळाला टाकीतलं चटके देणारं पाणी येतं,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो,
आणि गरम नळाला थंड म्हणतो.
मे ते सप्टेंबर सगळं उलटं. पाहुण्यांना आधी सांगावं लागतं.
पिर्को खूप हसली.
म्हणाली, आमच्याकडे थंड म्हणजे थंडच हो.
पोरीनं ते वहीत लिहून घेतलं,
खाली रेघ मारून.

फॉर्मवर 'मूळ गाव'चा रकाना तीन रात्री कोरा होता.
हे म्हणाले, पासपोर्टात आहे ते लिही, विषय संपव.
मी कागद उजेडाला धरून पाहिला:
एक नाव खोडून दुसरं, दुसरं खोडून पुन्हा पहिलं,
त्या जागी कागद इतका झिजलाय
की पलीकडचा दिवा दिसतो.

मंदूब येऊन चहा पिऊन गेला.
सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिली की इथला रहिवास संपला, म्हणाला,
मध्ये एकदा येऊन शिक्का मारून जाऊ दे.
मध्ये येता येत नाही, तसा नियमच आहे त्यांचा.
हे कपाकडे बघत म्हणाले,
मग नवा व्हिसा काढू. मुलगी जुनीच आहे.
मंदूब हसला. हे हसले नाहीत.

बॅग तेवीस किलोच्या आत हवी.
मी भरलेला गोडा मसाला तिनं हळूच बाहेर काढला,
शेजारच्या झुवैनानं दिलेली काळी लिंबं ठेवली.
सातशे ग्रॅम.
वजनकाटा माझ्याच हातात होता, म्हणून माहीत.

संध्याकाळी अस्तर उलटून बाह्या शिवायला बसले.
आत किती कापड दुमडतेस, कापून टाक ना, ती म्हणाली.
कापायचं नसतं, वाढीला ठेवायचं. दोन बोटं माया.
माया?
शिवणातली गं. वरून दिसत नाही.
हिवाळाभर उंची वाढली, मनगट उघडं पडायला लागलं,
की उसवायची.
कोण उसवणार?

सुईत दोरा ओवायला मला हल्ली वेळ लागतो.
पिर्कोला सांग, म्हटलं,
दोरा कच्चा घातलाय.
कात्री नाही मिळाली तर दातानंही तुटेल.

पुन्हा एकदा घालून बघ.
ती वळली, हात पसरले, आरशात मावली नाही.
मी टाचण्या डबीत टाकत मोजल्या,
अकरा. बारा होत्या.

थांब. सावकाश काढ.
एक तुझ्यातच राहिली आहे कुठेतरी.