अकरा महिने

आईच्या लोखंडी पेटीत सत्तावीस करारनामे निघाले.
प्रत्येक अकरा महिन्यांचा,
प्रत्येकावर तीच सही, रूथ शांतवन आढाव,
सहीतला ढ दर खेपेला थोडा अधिक वाकलेला.

भवानी पेठ, सोलापूर बाजार, घोरपडीत फाटकापाशी,
पुन्हा भवानी पेठ, शेवटी नाना पेठेतली ही खोली,
जिच्या खिडकीतून चर्चचा मनोरा अर्धाच दिसतो,
उरलेला अर्धा मोबाइल टॉवरने घेतलाय.

ससूनमध्ये एकतीस वर्षं नर्स.
कर्ज मिळालं असतं.
बँकेतला माणूस घरी येऊन फॉर्म ठेवून गेला होता.
आईने त्यावर लसूण सोलला.

अनुग्रह तेव्हा बी.कॉम.ला. चिडून म्हणाला,
स्वर्गात टू बीएचके मिळणारे का तुला, पार्किंगसकट?
आई म्हणाली, तिथं गाडी लागत नाही.

तिचं गणित सोपं होतं, म्हणजे तिला सोपं होतं.
रात्रपाळीत चाळीस खाटा आणि ती एकटी:
आधी कुणाकडे धावायचं हे एकदा ठरलं
की बाकीची धावपळ आपली आपण रांगेत लागते.
पहिलं वर, ती म्हणायची.
मग घर, पगार, तुझं लग्न, गॅसचा नंबर.

मी हे कधीच पुरतं मानलं नाही.
गळक्या पत्र्याखाली मध्यरात्री बादली बदलताना
वरच्याविषयी माझं मत वेगळं होतं.

आणि तीही काही दगडाची नव्हती.
वानवडीत मार्थामावशीने बाथरूमला गुलाबी टाइल्स लावल्या,
तेव्हा आई आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना.
दार ढकललं, तर तळहाताने भिंत कुरवाळत उभी.
पाळकांसमोर कबूल करावं तशा आवाजात म्हणाली,
हवंसं वाटतं गं.
मग थोड्या वेळाने:
पण त्याहून जास्त एक हवंय.
रिक्षात कॅम्पापर्यंत एक शब्द बोलली नाही.

घर सोडताना भाडेकरू बल्ब काढून नेतात.
पंखे नेतात, तोट्या नेतात, भिंतीतले खिळेसुद्धा.
आई नवा बल्ब विकत आणायची आणि लावून जायची.
मालकीणबाईंना, त्या मिस्त्रीबाईंना, पत्ताही नसायचा.
जो कोणी येईल तो दिवेलागणीला येईल, सामान टेम्पोत,
पोर खांद्यावर झोपलेलं, बटण कुठाय ठाऊक नाही.
तिला हे सगळं दिसायचं.

बाबा गेले त्या वर्षी, घोरपडीची खोली सोडतानाही,
पदर खोचून चढली स्टुलावर.
मी खाली स्टूल धरून विचारलं,
आपल्याला कोण लावून ठेवतं?
तिने होल्डरमध्ये बल्ब फिरवला, कट्ट वाजलं.
गेलाय ना एक जण पुढे, म्हणाली.
धर नीट.

तिला गुलटेकडीला बाबांच्याच जागेत ठेवलं.
तिथंही नवी मिळत नाही, जुनीच उघडावी लागते.
पाळक शाश्वत म्हणाले, तेव्हा भिंतीपलीकडे
मार्केट यार्डाचा एक ट्रक रिव्हर्स घेत होता,
त्याचं पीं पीं संपेपर्यंत ते थांबले.

माझा फ्लॅट उंड्रीला आहे, हप्ते दोन हजार एक्केचाळीसपर्यंत.
टाइल्स बिल्डरने दिल्या त्या.
स्वर्ग आहे का, हे मला रात्री तीनला माहीत नसतं
आणि रविवारी सकाळी साधारण माहीत असतं.

दोहाहून अनुग्रहचा फोन: डिपॉझिट मागितलंस का?
मागते, म्हटलं, आणि खाली उतरले.
क्वार्टर गेटजवळच्या दुकानात नऊ वॉटचा एक घेतला.
दुकानदाराने भर दुपारी तो पेटवून दाखवला.
दोन वर्षांची गॅरंटी आहे, म्हणाला, बिल जपून ठेवा.
पेनाचं टोपण काढलं.
नाव काय टाकू?