आठ मिलिमीटर

काशिमिर जुव्याचा. बावीस वर्षं टँकरवर ऑइलर.
आता खुर्चीत बसताना
गुडघ्यांची परवानगी घेतो.

मला म्हणाला, शेगडी करून दे. लाकडाची.
घामाच्या खोलीसाठी.
मी त्याच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.
मे महिना. शर्ट पाठीला डिंकानं लावल्यासारखा.
"घाम हवा तर इथंच बस की."
"हा फुकटचा," तो म्हणाला, "हा जात नाही कुठे,
भाडेकरूसारखा अंगात राहतो.
तो वेगळा. तो निघून जातो."

उत्तरेच्या कुठल्याशा बंदरात, पाणी गोठलेलं असताना,
पंपमननं त्याला हाताला धरून नेलं होतं
एका फळ्यांच्या खोलीत. कुणी काही बोललं नाही.
बावीस वर्षांत तेवढी एकच खोली
जिथं इंजिन ऐकू येत नव्हतं.

माझ्याकडे नळ होता. सोळा इंची, आठ मिलिमीटर जाड.
खाणी थांबल्या तेव्हा यार्डात
बार्ज कापायचं काम तेवढं उरलं.
मीच मारलेल्या शिवणी मीच गॅसनं उघडल्या,
आणि मालकानं दोन पगारांऐवजी हा दिला.
न्हाणीमागे पडून होता, डास पाळत.
फेरीबोटीत चढवला तर तिकीटवाला विचारतो,
"तोफ कुणावर?"

आडवा ठेवला. तोंडाला दार, तळाला सळ्यांची जाळी,
आत वरच्या अंगाला एक पाट,
जाळानं सरळ चिमणीत पळू नये म्हणून.
मागे जावं, वळावं, पुढे यावं, मग जावं.
सासऱ्याची काजूची भट्टी होती. ते म्हणायचे,
जाळाला घाई करू दिलीस
की लाकडं तुलाच फोडावी लागतात.

चिमणीला जीआय पाइप घेऊ, स्वस्त पडेल,
तुळशिदास म्हणाला. पोरगा आहे.
त्याला जस्ताचा ताप आलेला नाही अजून.
मला आलाय: रात्रभर हुडहुडी, जिभेवर नाणं,
आणि उशाशी आईनं ठेवलेलं दूध.
काळाच पाइप घेतला.

दगडांना आठवडा गेला.
चिऱ्याचा भुगा होतो. नदीचा गोटा पोटात पाणी लपवतो
आणि तापला की बंदुकीसारखा बोलतो.
शेवटी सत्तरीतल्या खडीच्या खाणीवरून काळे आणले,
एकेक आपटून. काशिमिर कान लावून:
हा वाजतो. हा खोकतो, टाक.
फिलोमेना भेंडीच्या वाफ्यातून ओरडली,
"आधी कुणाला शिजवणार, ते ठरलं का?"

खोली म्हणजे डुकरांचा जुना गोठा,
फणसाच्या फळ्या मारून.
पहिला जाळ अंगणात झाला, रंगाचा धूर जाईपर्यंत.
दुसरा आत. आणि दार अडकलं.
तापलं, फुगलं, चौकटीत रुतून बसलं.
वीस वर्षांचा वेल्डर मी,
लोखंडाला अंग पसरायला
दोन मिलिमीटर सोडायचे विसरलो.
लाकूड संपेपर्यंत तिघं बाहेर बसून राहिलो.
कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.
दुसऱ्या दिवशी कानस घेऊन सकाळची दुपार केली.

जुलैत फिलोमेनानं आत नातीचे युनिफॉर्म टांगले.
मग शेजारणीची ओलसर सोलं आली, मग सुके बांगडे,
मग कुणाची तरी नोकरीच्या अर्जाची भिजलेली फाइल.
काशिमिरला शनिवार तेवढा मिळतो,
बांगड्यांच्या वासासकट.

एका शनिवारी त्यानं मला आत बोलावलं.
वरच्या फळीवर टॉवेल गुंडाळून बसलो.
सवयीनं मी शिवणी तपासत होतो:
डावीकडची सरळ, दाराखालची थोडी ओढलेली.
त्यानं करवंटीच्या दवल्यानं दगडांवर पाणी ओतलं.
कानांच्या पाळ्या भाजल्या. मग उतरलं सगळं.

"ऐक," तो म्हणाला.
मी ऐकलं.
भिंतीपलीकडे मांडवी होती,
तिच्यावर एकही बार्ज नव्हती.
त्यानं आणखी एक दवला ओतला.